लार्सआजोबांनी वाचवलेला वैमानिक

स्कोगमो, नॉर्थ डकोटा
१४ मे १९९४

आदरणीय लोविसाआत्यास भाचा आर्ने याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? डुलुथला सरोवरावरचा बर्फ वितळला का? इकडे सगळे ठणठणीत (माझी गाडी सोडून, तिचा आजार अजून कुणाला कळलेला नाही).

१९३६ साली टपालाचं विमान आपल्या शेतात कोसळलं आणि लार्सआजोबांनी आगीत उडी घेऊन वैमानिकाला ओढून काढलं, हे तुला मी काय सांगणार! गावाने आता त्यांच्या नावाचा दगड बसवायचा घाट घातलाय आणि भाषण माझ्या गळ्यात मारलंय. मी पडलो मास्तर, पुराव्याशिवाय जीभ उचलत नाही. म्हटलं, अपघाताचा सरकारी अहवाल मागवू. तिथेच माझे ग्रह फिरले. एका कचेरीने कळवलं, इतके जुने कागद दुसरीकडे असतात. दुसरीने कळवलं, पहिलीकडे. मी दोघींची पत्रं एकमेकींना पाठवून दिली. तेव्हा कुठे जाडजूड लिफाफा आला, आणि त्यात निघाला ओहायोतल्या फुग्याचा अपघात! (फुगा चर्चच्या कळसाला अडकला आणि आतल्या दोघांना रविवारचं अख्खं प्रवचन लटकून ऐकावं लागलं. मी दोनदा वाचला.)

शेवटी मीच दफ्तरखान्यात जाऊन धडकलो. तिथल्या डेल्फिन ब्रूसार्डबाई म्हणजे साक्षात जमदग्नी. पेन बंद, कोट बंद, खाणं बंद. माझ्या खिशातली बटाट्याची पोळी त्यांनी वासावरून पकडली. म्हणाल्या, "मास्तर, ती बाहेर ठेवा. उंदरांना आम्ही पगारावर ठेवलेलं नाही." तीन दिवस मी खोकी उपसली. मग त्यांनाच कीव आली. एक खोकं माझ्यापुढे आदळून म्हणाल्या, "घ्या. कुणीतरी तुमच्या टॉस्ट्रूड आडनावाचं टोस्टब्रेड केलंय."

आत्या, बसली आहेस ना? आग : नाही. इंजिन : धडधाकट. वैमानिक क्वार्ल्स यांना कुरणावर पांढरी रेघ दिसली, ती त्यांना उतरायची खूण वाटली, आणि विमान थेट डुकरांच्या वाड्यात घुसलं. रेघ म्हणजे वाळत घातलेल्या चादरी. जखमी : एक डुकरीण, किरकोळ. अडकलेल्या वैमानिकाचा पट्टा विळ्याने कापून त्याला बाहेर काढलं ते 'घरमालकाची मुलगी, वय नऊ' हिने. घरमालक त्या वेळी परसातल्या संडासात होते; विमानाचा पंख दाराला टेकल्याने आतच अडकले. त्यांची सुटका वैमानिकाने केली!

मी इतका खिदळलो की बाईंनी मला बाहेर काढलं, आणि मागोमाग येऊन कारण विचारलं. मग पहारेकऱ्याने आम्हा दोघांनाही दटावलं.

आजोबा होते तोवर दर नाताळात तू त्यांची ती फुशारकी ऐकलीस, वर त्यांच्या ताटात मासा वाढलास, आणि चकार शब्द काढला नाहीस. गाडीत बसल्यावर मात्र माझे डोळे भरून आले.

तुझा,
आर्ने

ता. क. : दगडावर नाव अजून कोरलेलं नाही. पाथरवट खोळंबलाय. 'लोविसा' सांगू?

आणखी ता. क. : ब्रूसार्डबाई समारंभाला येताहेत. (काही विचारू नकोस.)

शेवटचा ता. क. : अहवालाला नकाशाही जोडलाय. चादरी नाकासमोर सरळ रेषेत, आणि टोकाला उशांच्या अभ्र्यांचा बाण, कुरणाच्या मोकळ्या भागाकडे रोखलेला. आत्या, वाऱ्याने अभ्रे असे पडत नाहीत गं. नाव कोरण्याआधी मला एकट्याला खरं सांग : विमान तूच उतरवलंस ना?