चामड्याचा वायसर

१२ मार्च १९६२, सोमवार

नुसता संताप झाला आहे. पंचायतीच्या बैठकीतून आत्ता आले, पायसुद्धा धुतले नाहीत.

नळ कुठे कुठे बसवायचे ते आज ठरायचं होतं. ठरल्यासारखंच होतं — एक चावडीपुढे, एक आमच्या ब्राह्मणांच्या अग्रहारात देवळाच्या कोपऱ्यावर, एक खालच्या ओळीत कल्लाप्पा चांभाराच्या घराजवळ. ओव्हरसियर नकाशा पसरून बसला होता. अध्यक्ष मुनिशामप्पा विडा चघळत सगळ्यालाच मान डोलावत होते. तेवढ्यात भावजी उठले. म्हणाले, "नळाच्या आत वायसर असतो तो चामड्याचा. असलं पाणी अग्रहारातल्या कुठल्या घरात चालेल?"

झालं. सगळी सभा नकाशापासून मागे सरकली. जणू नळातून गुरंच बाहेर पडणार आहेत.

हयवदन भावजी ह्यांचे थोरले भाऊ, देवळाचे पुजारी आणि पंचायतीचे सभासद. बायकांच्या राखीव जागेवर मला त्यांनीच उभं केलं. घरचीच बाई, सांगू तिथं सही करील, हा हिशोब! मी म्हटलं, भावजी, देवळाच्या कुंडात, कल्याणीत, अख्खं अग्रहार पायऱ्या उतरून आंघोळ करतं, तिथंच धुणं, तिथलीच घागर भरून देवाला. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. ते चालतं?

"ते देवाचं पाणी आहे, वसुमती."



१३ मार्च

हे कचेरीतून सायकल मारत आले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी शर्ट खुंटीला लावला, पाणी प्यायलं, म्हणाले, "सरी. स्वल्प दम धर. अण्णाचा राग उतरेल."

सरी! भावाचं बरोबर तरी सरी, माझं बरोबर तरी सरी. 'ठीक आहे' म्हणणाऱ्या ह्या एका कानडी शब्दावर ह्या माणसानं इतकी वर्षं संसार रेटला आहे.

१५ मार्च

वायसरची अक्कल भावजींची नव्हेच. ती अनुसूयाक्कांची. आज कल्याणीवर शेजारच्या रत्नाबाईनंच सांगितलं — चामड्याचं पहिल्यांदा अक्काच बोलल्या, त्यांच्या भावाच्या घरी बंगळुरात मल्लेश्वरला नळ आहे तिथं त्यांनी बघितलं म्हणे.

माझी थोरली जाऊ. मडी, सोवळं सांभाळावं तर हिनंच. ओलेत्यानं येते, ज्या पायरीवर उभी राहणार ती पायरी आधी धुते, घागर चिंचेनं घासते, मग पाणी भरते. तोपर्यंत आम्ही सगळ्या रांगेत. कुणी हटकायची सोय नाही. तोंडातून शब्द काढत नाही ती, आणि काढला तर हा!

१९ मार्च, सोमवार

एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर लोक विसरतील. विसरलेच आहेत.

नळांना पाणी येणार ते नव्या विहिरीचं. ती विहीर खालच्या ओळीला लागून आहे, कारण पाणी तिथेच लागलं. खणली कुणी? कल्लाप्पानं, त्याच्या मुलानं, खालच्या ओळीतल्या प्रत्येक घरानं. श्रमदान. गेला उन्हाळाभर ते खडक फोडत होते. तालुक्याचे साहेब आले त्या दिवशी आमच्या लोकांनी फोटोपुरती एकेक पाटी उचलली. भावजींनी तर नारळ फोडला आणि विहिरीचं पहिलं पाणी हातावर घेऊन आचमन केलं. तेव्हा कुणाच्या हातची विहीर ते नाही आठवलं.

त्या दिवसापासून खालची ओळ त्या विहिरीचं पाणी शेंदते आहे. त्याआधी तळ्यात झिरा खणून वाटीवाटीनं भरायचे. ठकुबाई, कल्लाप्पाची बायको, मला म्हणाली होती, "अक्का, जल्मात पैल्यांदा हंड्यात तळ दिसला बगा."

२४ मार्च, शनिवार

बंगळूरला चिकपेटेत जाऊन आले. आडुगोडीपर्यंत बैलगाडीतून, पुढे बस. दुकानामागून दुकान. सगळे दाखवतात चामड्याचेच. एकानं विचारलं, चामड्यात वाईट काय आहे? मी म्हटलं, आमच्या गावाला येऊन सांगा.

शेवटी एका बोळात मिळाला. रबरी वायसर. काळा, जाड, पावलीएवढासा. म्हातारा दुकानदार म्हणाला हाही चांगला टिकतो. तीन घेतले. ओटीत बांधून आणले, सोन्यासारखे. बसमध्ये दोनदा चाचपून बघितले.

आता बघू भावजी काय म्हणतात.

३१ मार्च, शनिवार

 घरी येऊन आधी वही उघडली.

बैठकीत मी तिन्ही वायसर मेजावर ठेवले. म्हटलं, हे घ्या. रबर. झाडाचा चीक. कुठलंही जनावर मेलेलं नाही. ओव्हरसियर हसला. मुनिशामप्पांनी एक उचलून वास घेतला आणि म्हणाले, बरोबर आहे, रबरच. मला वाटलं, जिंकलं.

भावजींनी वायसरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "वायसरचं सोडा. नळी खालच्या ओळीवरून येते. तिथं त्यांनी नळ सोडला की मग उरलेलं आपल्याकडे. दुसऱ्याचं उष्टं देवाला कसं दाखवू?"

म्हणजे चामडं नव्हतंच! पहिल्या दिवसापासून हेच होतं. मी मूर्खासारखी चिकपेट पालथी घातली. वायसर बदलता येतो. हे काय बदलू? कुठल्या दुकानात मागू?

मी म्हटलं, विहीर त्यांनीच खणली आहे. तर म्हणे, जमिनीतून येतं ते शुद्धच.

मग माझ्या तोंडून गेलं. जाऊ दे गेलं तर. म्हटलं, भावजी, ठकुबाई सुईण आहे. तुमचे गुंडो आणि विश्वेश्वर दोघंही तिच्याच हातावर आले. गुंडोच्या वेळी नाळ मानेभोवती होती, तिनं बोट घालून सोडवली. ते हात तेव्हा चालले. आता नळाला लावले तर उष्टं?

भावजी पांढरे पडले. एवढंच म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत सगळंच विटाळ असतं." आणि अध्यक्षांना म्हणाले, मताला टाका.

खालच्या ओळीतला नळ "तूर्त तहकूब". सगळे हात वर. ज्यांच्या घरात दोन वेळा पाणी भरायला गडी आहेत त्यांचेही. विरोधात मी एकटी.

सभेचं घर आणि भावजींचं घर ह्यांच्यात एक भिंत. पलीकडे अक्का बसलेल्या असणार. ऐकू दे.

१ एप्रिल

हे म्हणाले, बाळंतपणाचं चारचौघांत काढायला नको होतं. मी जेवलेच नाही.

१६ एप्रिल, सोमवार

पंप बसला. विहिरीवर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. पंपाच्या काळजीनं म्हणे. किल्ली अध्यक्षांकडे.

म्हणजे नळ तर नाहीच, होती ती विहीरही गेली. ज्यांनी खणली त्यांनाच कुलूप. खालची ओळ पुन्हा झिऱ्यावर. मी मुनिशामप्पांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हणाले, "अम्मा, मला एकट्याला काय करता येतंय?" अध्यक्ष असून एकटा. मग झाला कशाला?

२३ एप्रिल

अग्रहारातला नळ सुरू. हळद, कुंकू, नारळ, सगळं. रबरी वायसर माझाच बसवला आहे, हे कुणी बोललं नाही.

अनुसूयाक्का आता पायरीऐवजी नळ धुतात. आधी चिंच लावून तोटी घासायची, मग पाणी सोडून द्यायचं, मग घागर. आधी कुणीही भरलं तरी धुतात, मी भरलं तरी धुतात. सख्ख्या जावेमागून नळ धुते ही बाई! आज मी तिथंच उभी राहून बघत होते. तिनं वर बघितलं नाही. घासत राहिली.

११ मे, शुक्रवार

खालच्या ओळीत टायफॉइड आहे. तीन घरांत. ठकुबाईची सून अंथरुणावर. झिऱ्यात म्हशी बसतात, तेच पाणी. मी झिऱ्यात टाकायच्या औषधाची पूड मागायला तालुक्याला जाऊन आले.

संध्याकाळी परसदारी अक्का कुंपणापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "ठकुबाईची सून कशी आहे?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हाला काय त्याचं? वायसर नीट आहे ना तुमचा?

अक्का आत गेल्या.

१९ मे

ठकुबाईची सून गेली.

२१ मे, सोमवार

पंचायतीनं झिऱ्यात पांढरी पूड टाकली. सभेत दोन मिनिटं उभे राहिले. भावजीही उभे राहिले, हात जोडून, डोळे मिटून. मला ते बघवेना. मी खुर्चीवरच बसून राहिले.

नळाचा विषय काढला तर म्हणाले, दुःखाच्या दिवशी वाद नको.

२ जुलै

वनमहोत्सव. अग्रहाराच्या वाटेवर रोपं लावली. मुनिशामप्पांनी स्वतः झारी धरली. पाणी कुठलं? आमच्या नळाचं. रोपांना नळाचं पाणी चालतं. खालच्या ओळीला चालत नाही. बकऱ्यांनी संध्याकाळपर्यंत निम्मी रोपं खाल्ली, त्यांचं भलं होवो.

९ जुलै

ठकुबाईकडे गेले. सांगितलं, पंचावन्न सालचा अस्पृश्यतेचा कायदा आहे, सरकारी नळ सगळ्यांचा. तू ये अग्रहारात घागर घेऊन. मी उभी राहते.

ती चूल फुंकत होती. सुनेचं तान्हं मांडीवर. म्हणाली, "अक्का, तुमी सबेत भांडतासा आन् घरात जाऊन दार लावतासा. आमचं दार कुटं हाय? धोंडा आला तर आमच्यावरच येतूय."

मला राग आला. तिचाही. सगळ्या वाटेनं तिच्याशी मनात भांडत आले आणि घर आलं तेव्हा कळलं की भांडायला मुद्दाच नाही.

१६ जुलै, सोमवार

ठकुबाई आली.

एकटी. घागर घेऊन. देवळाच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. मी धावत गेले. दारं लागली, खिडक्या उघडल्या. भावजी ओल्या पंच्यानं देवळातून बाहेर आले. शिवी नाही, आवाज नाही. त्यांनी नळाची वरची चावी पान्यानं फिरवून काढून घेतली आणि देवळात जाऊन गाभाऱ्यापाशी ठेवली. "आता कुणालाच नाही," म्हणाले.

अख्खं अग्रहार घागरी घेऊन कल्याणीवर गेलं. खुशीनं! हिरवं पाणी चाललं. ठकुबाई बसून राहिली. तिच्या बाजूला मी. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती धूळ. कुणी धोंडा मारला नाही. कुणी बघितलंही नाही. त्याचा जास्त राग आला.

उठताना म्हणाली, "उद्या पुन्यांदा येतो."

१७ जुलै

आली. बसली. गेली.

तालुक्याला तार केली. पोलीस येतील तेव्हा येतील. ह्यांना म्हटलं, भावाकडून चावी आणा. हे उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. चपला काढून ठेवल्या, नीट, जोडीनं.  बोलण्यासारखं राहिलंय काय.

१९ जुलै, गुरुवार

सकाळी अनुसूयाक्का देवळातून आल्या, ओलेत्यानं, कनवटीला नळाची चावी लावून. चावी बसवली. कोपऱ्यावर ठकुबाई बसली होती तिला हाक मारली. तिची घागर स्वतःच्या हातानं भरली. मग तिच्यामागून आपली. चिंच आणलीच नव्हती. नळ धुतला नाही.

भावजींनी घराला आतून कडी लावून घेतली. अक्का भरली घागर कडेवर घेऊन माझ्या उंबऱ्यात आल्या. म्हणाल्या, "वसू, हे पाणी तुझ्या घरात चालेल का?"

इतके महिने मी भांडले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पदराला हात पुसले. मग घागर घेतली आणि आत चुलीपाशी नेऊन ठेवली. अक्का माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आहेत, केस अजून ओले आहेत.

त्याच पाण्याचा भात लावला. हे पानावर बसले. भाताकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि म्हणाले, "सरी."