जेठजींना सांगा

प्रिय अमेय,

तू लग्नाचं विचारतोस आणि मी दरवेळी म्हणते, जयपूर सोडलं तर सांगानेरजवळच्या गावातला बायकांचा छपाई गट मोडेल.

आज मी गटाचं अध्यक्षपद सोडलं. गावातले भंवरजी लगेच ते मागायला आले. त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या गटातली सुगना, घुंघटात होती. तिथे सुना थोरल्या दिराशी, म्हणजे जेठजींशी, थेट बोलत नाहीत. ती मला म्हणाली, "मॅडमजी, जेठजींना सांगा, अध्यक्ष मी होणार. त्यांनी सांडपाण्याची टाकी सांभाळावी."

मी निरोप जसाच्या तसा दिला. बायकांनी हसत सुगनाच्या बाजूने हात वर केले.

भंवरजी माझ्याकडे बघत म्हणाले, "बहूला सांगा, टाकीची चावी पाठवून दे."

गट मोडणार नाही. म्हणजे नकार माझाच होता. तो पत्रातून नको, थेट सांगायला हवा. मी फोन करते.

ऋचा