व आणि वा

सर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी अजूनही ‘वा’ टाइप करताना थांबतो. अंबडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसांचे अर्ज, भाडेकरार असली कामं असतात. टाइपरायटर जाऊन आता कॉम्प्युटर आलाय. तरी बोट कान्यावर आलं की तुमच्या स्वयंपाकघरातला शेंगा फोडायचा आवाज एकदम बंद होतो. बंद झालेला आवाज ऐकू येतो, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी कुणाला सांगत नाही.

तुम्ही टायपिंगच्या क्लासमध्ये आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. कूळकायद्यावरच्या पुस्तकासाठी तुम्हाला माणूस हवा होता. तुम्ही उभ्या उभ्या दहा शब्द सांगितले, त्यात ‘पुनर्विलोकन’ होता, ‘उत्तरदायित्व’ होता. माझे दहाही बरोबर आले. शिक्षण विचारलंत तेव्हा मी खाली मान घालून सांगितलं, दहावी, गणितात गेली. तुम्ही म्हणालात, “बरं झालं. पास झाला असतास तर दुसऱ्या कुणी नेलं असतं तुला.” त्या दिवसापासून मी तुमच्याकडे.

तुम्ही कॉलेजात कायदा शिकवायचात आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून पुस्तक तपासायचात. मी टाइप केलेलं पान मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविराम आला तर ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, नवा परिच्छेद आला तर तेही म्हणायचं. तुम्ही डोळे मिटून भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकायचात. फोडणं थांबलं की समजायचं, चूक सापडली. एकदा असंच थांबलात. मी ‘वा’ च्या जागी ‘व’ टाइप केला होता. मला वाटलं, एवढ्याशा कान्यानं काय होतंय. तुम्ही आवाज चढवला नाही, पण डोळे उघडलेत. “‘व’ म्हणजे दोन्ही कागद आण. ‘वा’ म्हणजे असेल तो आण. गरिबाच्या घरी एकच कागद असतो रे. तुझा काना राहिला की तो दारातून परत जातो.” ते पान मी तीन वेळा टाइप केलं. एकदा करून भागलं असतं.

पुस्तक निघालं, तुमचं नाव झालं, मग निवडणूक, मग तुम्ही राज्यमंत्री. लोक म्हणायचे, मास्तर मंत्री झाला. तुम्ही मला मुंबईला नेलं नाहीत, पण जिल्ह्यात आलात की निरोप यायचा आणि मी मशीन घेऊन विश्रामगृहावर हजर. गोदावरीच्या पुरात घरं गेलेल्यांना जागा द्यायचं ठरलं, तेव्हा अटी तुम्ही स्वतः लिहिल्या, कारण खात्याच्या मराठीवर तुमचा भरवसा नव्हता. अट दुसरी, जमिनीचा उतारा वा रेशनकार्ड. मी अंबडच्या विश्रामगृहात टाइप केलं. बाहेर गाडी चालू होती, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. मी वाचायला सुरुवात केली, तर तुम्ही हात वर केलात. “राहू दे. तू टाइप केलंय ना?” आणि सही केलीत. एवढा मोठा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही. गाडी गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथंच बसून होतो, खूश.

तो कागद खात्यानं जशाच्या तसा छापला.

चार महिन्यांनी तुम्ही परत आलात तेव्हा विश्रामगृहाच्या ओट्यावर घनसावंगीकडच्या एक मावशी बसल्या होत्या, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यांनी ते तुमच्यापुढं धरलं. “साहेब, तीन खेपा झाल्या माझ्या. ह्ये कार्ड बराबर हाय म्हन्तेत, पन उतारा बी आन म्हन्तेत. जमीन दिराच्या नावावर हाय, त्यो कशाला देतोय? मंग म्या कुठून आनू?” तुम्ही हसून म्हणालात, दोन्ही लागत नाहीत, कुणी सांगितलं तुम्हाला? मावशी म्हणाल्या, “तुमच्याच कागदानं.” तुम्ही तलाठ्याकडून छापील प्रत मागवली. वाचली. ‘जमिनीचा उतारा व रेशनकार्ड’. तुमचा हात थांबला, शेंगा नव्हत्या तरी मला तो आवाज थांबल्याचं कळलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि अगदी साध्या आवाजात विचारलंत, “मी हातानं लिहिलेला कागद आहे का रे तुझ्याकडं?”

मी म्हणालो, “न्हाई सर. फाडून टाकला.”

तुम्ही मान हलवलीत. सगळ्यांसमोर मावशींना म्हणालात, “चूक माझी आहे. मी न वाचता सही केली.” शुद्धिपत्रक निघायला पाच महिने लागले, तोवर जागा वाटून संपल्या होत्या. मावशी नंतर मला वडीगोद्रीच्या फाट्यावर दिसल्या, कुणाच्या तरी दुकानामागं ताडपत्री लावून राहत होत्या. मी बसमधून उतरलो नाही. तुमचं मंत्रिपद पुढच्या फेरबदलात गेलं. कारणं दुसरीही असतील, मला राजकारण कळत नाही. तुम्ही पुन्हा पाटावर बसलात, दुसरी आवृत्ती सुरू केलीत, आणि मी पुन्हा वाचू लागलो. ‘वा’ आला की माझा आवाज बसायचा. तुम्ही फोडत राहायचात, एकदाही थांबला नाहीत. त्याचा अर्थ मी अजून लावतोय. प्रस्तावनेत तुम्ही ‘अचूक टंकलेखनाबद्दल’ माझे आभार मानलेत. ते पान मी उघडत नाही.

तो कागद मी फाडला नव्हता, सर. तुम्ही सही केलीत त्या दिवसापासून तो माझ्या खिशात होता, आता पत्र्याच्या पेटीत आहे. ‘वा’ चा काना तुम्ही दोनदा गिरवलाय. म्हणजे स्वतः काय लिहिलं होतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक असणार. मग तुम्ही कागद कशाला मागितलात?

मागच्या आठवड्यात कोर्टासमोरच्या हॉटेलात चहा पिताना एक नवा वकील तुमचा किस्सा रंगवून सांगत होता. एवढं जाड कायद्याचं पुस्तक लिहिलं, आणि मंत्री झाल्यावर साहेबांना व आणि वा कळेना. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, ह्यांना विचारा, हे होते त्यांच्याकडं. तो माझ्याकडं वळला. “भाऊ, खरंय का हे?”

मी चहा संपवला आणि म्हणालो, “हो, खरंय.”