रबरी शेपटीवरचे नाव

मी, श्रीमती आर्डिस हॅल्वर ट्वेट, वय ७६, व्यवसाय गिऱ्हाइकांना होडीतून मासेमारीला नेणे, राहणार अ‍ॅल्डर सरोवर, मिनेसोटा, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा दीर ऑर्विल ट्वेट मला भ्रमिष्ट ठरवायला बघणारच.

कलम १. घर, होडी, तिचे इंजिन आणि सर्व गळ माझी मैत्रीण बर्निस काइवला हिला मिळावेत. माझा नवरा हॅल्वर याला पक्षाघात झाला आणि गिऱ्हाइके मी एकटी नेऊ लागले, तेव्हा होडी पाण्यात ढकलायला ती यायची. ऑर्विल समोरच्या धक्क्यावर कॉफी पीत बघत बसायचा.

कलम २. माझ्या आमिषांचे साचे मी कोणालाच देऊ शकत नाही, कारण ते चोरीला गेले आहेत. वॉलाय मासा आमिष तोंडात घेऊन आधी चाखतो, कडक लागले की थुंकतो. म्हणून मी मऊ रबर वितळवून चपट्या शेपटीची बोटभर मासळी ओतत असे. तिचा आकार मी स्वतः लाकडात कोरला होता. हॅल्वरच्या दफनानंतर लोक चर्चच्या तळघरात जेवत होते, तेव्हा ऑर्विलने माझ्या शेडमधून साचे उचलले. बर्फ वितळल्यावर गावातल्या दुकानात पाकिटे टांगलेली दिसली : 'ऑर्विलची शेपटी'.

मी तिथेच विचारले, "भाऊजी, ही माझी ना?"

"अहो वहिनी, बाईच्या नावाचं आमिष कोण घेणार? घरातलं घरातच राहिलं की!"

अख्खे दुकान हसले. मी घरी येऊन दार लावून घेतले आणि रडले. रडणे तेवढेच.

साचे त्याने नेले, पण मिश्रण त्याला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात त्याची शेपटी ठीक हलते, थंड पाण्यात काठीसारखी ताठ राहते. दर मे महिन्यात, हंगाम उघडला की, तो माझ्या स्वयंपाकघरात यायचा.

"वहिनी, थंडीत ती हलत का नाही हो?"

"मासे रुसले असतील, भाऊजी. समजूत काढा."

वर त्याला कॉफी आणि लोणी लावलेली बटाट्याची पोळी वाढायचे. त्याचा पडलेला चेहरा बघायला मला फार आवडायचे.

कलम ३. माझ्या दफनानंतर, जेवणे उरकल्यावर, हे कलम पाद्रीबाबांनी मोठ्याने वाचावे. ऑर्विलला पुढच्या रांगेत बसवावे. किनाऱ्यावरची माझी मोकळी जागा मिळेल या आशेने तो येईलच. ती जागा गावातल्या बायकांना मासेमारीसाठी द्यावी.

आता सर्वांनी ऐकावे. थंड पाण्यासाठी रबरात मऊपणाचे तेल नेहमीच्या दुप्पट घाला. गढूळ पाण्यात पिवळट हिरवा रंग, नितळ पाण्यात धुरकट राखाडी. गळ बरोबर मधून ओवा. वाकडा गेला तर आमिष गिरक्या घेते आणि मासा हुशार होतो. गळाला जोडायचे शिशाचे वजन वाऱ्यातही आमिष तळाशी टिकेल इतपतच जड ठेवा. थंडीत तळाशी सावकाश ओढा, उन्हाळ्यात उचलून सोडा. दोरी नुसती जड वाटली तरी झटका द्या, हिसक्याची वाट पाहू नका.

हे छापून प्रत्येक टेबलावर ठेवावे. ज्याला हवे त्याने घरी ओतावे, विकावे, वाटावे. अट एकच : नाव 'आर्डिसची शेपटी'.

कलम ४. ऑर्विलला काहीही देऊ नये. माफीसुद्धा नाही. पाद्रीबाबांनी ती माझ्या वतीने परस्पर देऊन टाकू नये, त्यांना तशी खोड आहे.

हे सर्व वाचून, समजून सही करते.

आर्डिस ट्वेट
अ‍ॅल्डर सरोवर, ३ ऑक्टोबर २००९

साक्षीदार :

१. रे ओल्स्टाड, आमिषांचा दुकानदार.

२. लॉइस ऑर्विल ट्वेट, जाऊ. वाचून सही केली. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी हात धरून पुढच्या रांगेत मीच आणून बसवीन.