चारचा गजर

मंगळवार, नऊ तारीख
दुपारचे दोन वाजून गेलेत

प्रिय दादा,

तुझ्या धाकट्याचा सलाम. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. जेवतोस का वेळेवर? की दुकानात काचा कापता कापता बिस्किटांवरच भागवतोस? कापलेल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून तू तसाच ताटावर बसायचास आणि वहिनी तुला ओरडायची. आता कोण ओरडतं?

मी बरा आहे. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागलोय, तळघरात. चादरी, अभ्रे, टॉवेल, परत चादरी. इथे एक गरम रोलर आहे, आपल्या घरच्या दिवाणापेक्षा लांब. दोघांनी चादरीची दोन टोकं धरून ती आत सोडायची. माझ्या समोरचं टोक इस्त्रीवाल्या मावशी धरतात. साठी उलटलेल्या, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ओढतोस काय असा, गाय आहे का ती? नुसती धर. ती आपोआप जाते." मला नुसतं धरायला जमत नाही, दादा. तुला माहीतच आहे. भिंगऱ्या हे नाव तूच ठेवलंस.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी बोटीवर काम करत होतो तेव्हा माझा फोन पाण्यात पडला, मग दोनदा गाव बदललं, आणि तुला पत्ता कळवायचं राहून गेलं. 'राहून गेलं' लिहायला किती सोपं जातं. वहिनीला पाठवलेल्या माझ्या पत्राच्या पाकिटावर पत्ता होता म्हणून तुला तरी सापडलो. वहिनी गेल्याचं मला एकोणीस दिवसांनी कळलं. तिला मातीत ठेवलं त्या वेळी मी बहुतेक टॉवेलांच्या घड्या घालत होतो आणि मावशींशी कशावरून तरी हुज्जत घालत होतो.

आता आधी कामाचं सांगतो, नाहीतर मी भलतीकडेच पोचेन. तू लिहिलंस की माझं ते पाकीट तिला दफन केल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं आणि तू ते अजून फोडलेलं नाहीस. रविवारी स्मरणाच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर फोडून वाचणार आहेस, आणि त्यातली एखादी ओळ पाथरवटाला देणार आहेस, तिच्या दगडावर कोरायला.

दादा, ते करू नकोस. मंडळीसमोर वाचूही नकोस आणि कोरू तर मुळीच नकोस. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल, शनिवारपर्यंत नक्की. पाथरवटाला थांबायला सांग.

का, ते सांगतो. हॉटेलच्या ऑफिसातून फोन करता आला असता, पण फोनवर तू "हं" म्हणाला असतास आणि मी तेवढ्यात विषय बदलला असता.

तुला ते काळं चौकोनी घड्याळ आठवतं? मी निघालो त्या दिवशी वहिनीने मला दिलं ते. सोळा महिने झाले. तेव्हा ती खुर्चीत बसलेली असायची, पाय गेलेच होते, बोटंही कामातून जात चालली होती. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले तिने, आणि आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या काकूंना हाक मारायची. घड्याळाचा पट्टा तिला लावता येईना, तो मीच लावून घेतला. पण गजराची बटणं तिने स्वतःच दाबली, जीभ दातात धरून, दहा मिनिटं. मी मध्ये हात घातला तर म्हणाली, "थांबा हो भाऊजी, एवढं तरी करू द्या." ती लग्न होऊन आली तेव्हा मी बारा वर्षांचा शेंबडा होतो, तरी पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'तुम्ही'. शाळेत पोरं हसायची मला.

मग म्हणाली, "सकाळचं पाळकसाहेब बघतात. दुपारी काकू येऊन प्रार्थना करतात. पण चार वाजता व्यायामवाली बाई गेली की हे येईपर्यंत घर मला खायला उठतं. चारची वेळ तुम्ही घ्या. लांबलचक नको. एक मिनिट, जिथे असाल तिथे."

मी म्हटलं, "मला कुठे येतं ते?"

"खोटं बोलता येतं ना इतकं छान? मग हे त्याहून सोपं आहे."

मी हसलो आणि "हो" म्हटलं. तोंडात पाव होता.

घड्याळ चांगलं निघालं. पावसात भिजलं, बोटीवर खाऱ्या पाण्यात बुडलं, पण कधी मिनिटभर मागे पडलं नाही. बरोबर चारला वाजायचं. मधे मी एका सफरचंदाच्या बागेत होतो, पेट्या भरायला. तिथली माणसं ओरडायची, "ए, तुझं घड्याळ रडतंय बघ, पाज त्याला काहीतरी." एकाने विचारलं कसला गजर, तर मी सांगून मोकळा झालो, गोळी घ्यायची वेळ आहे. बस, मुकादमाच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून त्याने मला हलक्या पेट्या दिल्या. "आजारी पोरगं आहे," म्हणायचा, "पण तक्रार नाही करत." दोन महिने मी हलक्या पेट्या उचलल्या, दादा. तिच्या आजारावर.

बघ, परत मी गंमत सांगत बसलोय.

मी एकदाही प्रार्थना केली नाही. सोळा महिन्यांत एकदाही नाही. गजर वाजला की बटण दाबायचो. सुरुवातीला वाटायचं, संध्याकाळी करू. मग वाटायचं, उद्यापासून. मग काहीच वाटेनासं झालं, हात आपोआप जायचा. आणि तिला पत्रात लिहायचो, "चारची वेळ चुकलेली नाही, वहिनी." वेळ चुकली नव्हतीच. घड्याळ तिनेच लावलं होतं.

देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. राग होता. तुमची लेक, आपली छोटी, गेली तेव्हापासूनचा. अकरा दिवसांची होती. तू चार महिने चर्चची पायरी चढला नाहीस. मी तर तेव्हाच सोडलं ते सोडलं. आणि वहिनी पुढच्याच रविवारी तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. गीत चाललं होतं आणि तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नाही. घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, कशाला जातेस तू तिथे, काय दिलं त्याने तुला? चपला काढता काढता म्हणाली, "भांडायला तरी जायला हवं ना. घरी बसून भिंतीशी भांडू?" पुढच्या वर्षी तिचे पाय जायला लागले. तरी तिचं भांडण मिटलं नाही आणि जाणंही सुटलं नाही. शेवटी शेवटी तू तिला उचलून नेऊन बसवायचास, असं काकूंनी कळवलं होतं. बाक तोच.

आता त्या पाकिटाचं.

तिचं शेवटचं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं, तुझ्या अक्षरात, ती सांगत गेली आणि तू लिहीत गेलास. म्हणजे तुला माहीत आहे तिने काय मागितलं होतं. "भाऊजी, आता माझ्या स्वतःच्या प्रार्थनेला शब्द पुरत नाहीत. सुरू करते आणि मध्येच सुटते. तुम्ही चार वाजता काय म्हणता ते एकदा लिहून पाठवा. मी तेच म्हणत जाईन, तुमच्याबरोबर."

पाच आठवडे ते पत्र माझ्या पिशवीत होतं. काय पाठवू? जे केलंच नाही ते लिहून काय काढू? शेवटी एक दिवस चादरी सोडता सोडता मी मावशींना विचारलं, "एखादी बाई फार आजारी असेल तर तिच्यासाठी देवाकडे काय मागायचं?"

"मला काय विचारतोस? माझं आणि त्याचं बोलणं बंद आहे. नवरा गेला तेव्हापासून."

"तरी पण. बोलणं चालू असतं तर?"

तीन चादरी गेल्या असतील. मग रोलरकडे बघत म्हणाल्या, "तिला दुखू देऊ नको म्हणावं. आणि दुखणारच असेल, तर तिला एकटं वाटू देऊ नको. एवढंच. बाकी सगळं सजावट."

मी ते जेवणाच्या सुट्टीत कागदावर उतरवलं आणि मग नेमकी सजावटच केली. लहानपणी पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकलेले मोठमोठे शब्द पुढे लावले, मागे लावले. हे कृपाळू, हे सनातन, असं करत दोन पानं भरली. शेवटी "रोज चार वाजता तुझ्यासाठी हेच म्हणतो" असं लिहून खाली सही केली. पोस्टात टाकल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी शिट्टी वाजवत परत आलो. ती तेव्हा शेवटच्या दोनतीन दिवसांत असणार. तिने शब्द मागितले होते आणि शब्दांवाचून गेली. हेच मला गिळता येत नाहीये. वेळेवर पाठवलं असतं तर निदान मावशींच्या त्या दोन ओळी तिच्या हाताशी असत्या.

तुझं पत्र मी पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग टॉवेलांच्या ढिगावर बसून. तू लिहिलंस, "मी देवाधर्माचं कधी फार केलं नाही, पण इतक्या लांबून कुणीतरी रोज चार वाजता तिला धरून होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चार वाजले की तिचा चेहरा निवायचा. म्हणून आता मीही चार वाजता दुकानाचं दार लोटून घेतो आणि बसतो." दादा, तिच्याशी खोटं बोललो ते बोललोच, पण आता तू त्याच्यावर उभा राहिला आहेस. गप्प बसलो तर तू खोट्यावर उभा, आणि सांगितलं तर पायाखालचं मीच काढून घेतो. चार दिवस मी याच्यातच आहे. चार दिवस पावणेचारला घड्याळ कपाटात टाकून येतो, म्हणजे ऐकू येणार नाही.

पण त्याच पत्रात तू आणखी एक लिहिलं आहेस, आणि मला वाटतं ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज गेला होता. तू लवकर घरी यायचास. चारला तिचे ओठ हलायचे आणि तू कान जवळ नेलास, तर "भाऊजी" एवढंच कळलं. तू लिहिलंस, "तुझे आभार मानत असेल."

नाही रे दादा. तिसऱ्या बाकावरचे ओठ मी पाहिले आहेत. ती आभार मानत नव्हती. ती माझ्यासाठी मागत होती. स्वतःसाठी शब्द पुरत नव्हते आणि उरलेला एक शब्द तिने माझ्यावर खर्च केला, मी तिकडे बटण दाबत होतो तेव्हा. बहुतेक पहिल्या दिवसापासून. चारची वेळ तिने मला कशासाठी दिली होती, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून एवढं सांगतो. तू जे डोळ्यांनी पाहिलंस ते खोटं नव्हतं. तिचा चेहरा निवायचा तो खरा. फक्त तो माझ्यामुळे नव्हता. त्या घरात चार वाजता प्रार्थना होत होती, पण करणारी ती होती. दुकानाचं दार लोटून बसतोस ते सोडू नकोस. माझ्या जिवावर बसू नकोस, एवढंच.

पाकीट आता तुझं आहे. एकटा असशील तेव्हा फोड. दुसऱ्या पानाच्या मधोमध मावशींच्या दोन ओळी आहेत, त्या तुला लगेच ओळखू येतील, त्या साध्या आहेत. बाकीचं फाडून टाक. रविवारी काही वाचायचंच असेल तर हे पत्र वाच. लाज वाटेल मला, वाटू दे. आणि दगडावर वहिनीचं नाव घाल, त्याखाली छोटीचं. छोटीचा दगड आपण केलाच नाही. तू चर्चची पायरी चढत नव्हतास, मी घरात टिकत नव्हतो, आणि ती एकटी किती आणि काय काय करणार होती?

शनिवारी सकाळी इथून गाडी आहे. मी येतो म्हटल्यावर काय होतं ते तुला पाठ आहे, म्हणून माझ्यासाठी ताट वाढून ठेवू नकोस. आलो तर तिसऱ्या बाकावर दिसेन.

आता चारला पाच कमी आहेत. सुट्टी कधीच संपली. मावशी दारातून ओरडून गेल्या, "लेखकराव, चादरी काय तुझा बाप धरणार?" आज घड्याळ हातातच आहे.

थांब जरा.

वाजलं. बंद नाही केलं. मावशींना खूण केली, त्या एकट्याच दोन्ही टोकं धरून उभ्या राहिल्या. घड्याळ एक मिनिट वाजतं आणि आपोआप थांबतं, हे मला सोळा महिन्यांत माहीत नव्हतं. मी "वहिनी" म्हटलं आणि पुढे अडलो, कारण तिच्यासाठी मागायला आता उशीर झाला. मग तुझं नाव घेतलं. त्याला दुखू देऊ नको, आणि दुखणारच असेल तर एकटं वाटू देऊ नको. एवढंच जमलं. नुसतं धरलं, ओढलं नाही.

उद्या चारला परत.

तुझा, उशिरा आलेला,
धाकटा