मीटर शेवटचं कधी तपासलं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर. डुलुथ, अमेरिका. कोर्ट.

आज घडलेलं:
१. खटला भरावा का, हे ठरवणाऱ्या तेवीस जणांच्या ज्यूरीची मी प्रमुख.
२. फेडरल सरकारी वकील हॉलक्विस्ट यांनी सांडपाणी केंद्राचा ऑपरेटर रे कांगस याच्यावर अकरा आरोप मांडले. सरोवरात घाण पाणी सोडलं, खोटे आकडे दिले.
३. साक्षीदार एकच, तपास अधिकारी. कांगसच्या वकिलाला आमच्या खोलीत प्रवेश नसतो.
४. पुरावा एका पीएच मीटरचा, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणाऱ्या यंत्राचा. ते शेवटचं कधी तपासलं, कुणी विचारलं नाही.
५. मीटर तपासणं ही माझी नोकरी आहे.
६. हॉलक्विस्ट बाहेर गेले. खटला भरावा म्हणून सगळे हात वर. माझाही. मग आरोपपत्रावर प्रमुख म्हणून माझी सही.

प्रश्न नेमका हवा. घाईत विचारणं अशास्त्रीय. ज्यूरीत शेजारच्या खुर्चीवरची लॉरेन, निवृत्त बसचालक, विणता विणता म्हणाली, पोरी, माशासारखं तोंड उघडलंस नि मिटलंस! मी जांभई होती म्हटलं.

१४ ऑक्टोबर.

ज्यूरीची पुढची बैठक. प्रश्न पाठ करून गेले. कॉफीपाशी हॉलक्विस्टच आधी बोलले: प्रमुख मॅडम, तुमच्याकडे कामं कशी झटपट होतात! मी थँक्यू म्हटलं. दोनदा.

लॉरेनने विचारलं, झालं का बोलून? तिला समजावलं की मीटरचा विषय खटल्यात निघेलच. तिथे न्यायाधीश असतात, त्याचा वकील असतो. योग्य जागा तीच. शांत झोपायचं ठरवलं. जमलं नाही.

४ नोव्हेंबर.

पेपरात बातमी. कांगसने गुन्हा कबूल केला. एक कबूल कर, दहा सोडतो. नाहीतर अकराही लढ, असा हॉलक्विस्टचा सौदा. खटला होणारच नाही. त्याची बायको सांगते, मीटर बिघडलंय म्हणून तो दोन वर्षं ओरडत होता. त्याचा वकील त्याला म्हणाला, तुझं खरं असेल रे, पण हरलास तर म्हातारपण तुरुंगात जाईल.

ते अकराही आरोप आम्हीच मंजूर केले होते. एकदा हात वर करून.

लॉरेनचा फोन: माझा नुसता हात होता गं, तुझी तर सहीसुद्धा आहे. कान तापले. शिक्षा अजून सुनावलेली नाही. हॉलक्विस्टना लिहायचंच. स्पष्ट.

६ नोव्हेंबर.

पहिला मसुदा फार तिखट. दुसऱ्यात मीटर शेवटच्या ओळीत. पहिल्याच पत्रात मीटर नको. आधी ओळख वाढावी. पाठवलं ते असं:

माननीय हॉलक्विस्ट साहेब, ज्यूरीतल्या हजेरीचा दाखला कुणाकडे मागावा? कृपया शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत कळवावे.