नवव्या मजल्यावरची वाटाघाट

ती. दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी अक्षरशः साष्टांग. रोज जिने चढून पोटऱ्या इतक्या धरल्या आहेत की आडवं पडल्याशिवाय दुसरा कुठलाही नमस्कार जमत नाही.) तुमचा रक्तदाब, ताईची पाठदुखी आणि तुमच्या खात्याची या देशावरच्या बंदीची यादी, तिन्ही वाढत्या मापात असल्याचं ताईच्या पत्रावरून कळलं. पहिल्या दोन्हींना लवकर उतार पडो. तिसरीबद्दल मागच्या सुट्टीत तुमच्या घरी जेवताना मी जरा जास्तच बोललो. तुमचं म्हणणं, हुकूमशहाचं नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझं म्हणणं, बोलत राहिलं की दगडालाही पाझर फुटतो. ताईचं म्हणणं, तुम्ही दोघं आधी निवळा, जेवण निवतंय. तो वाद तसाच राहिला. आता इथे जे घडलं ते सांगतो. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा, माझं काही ठरत नाही.

मी इथल्या आपल्या वकिलातीत दुभाषा आहे, पण ही भाषा मला ज्यांनी शिकवली त्या बाईंबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सरकारी शाळेत व्याकरण शिकवायच्या. (वय साठीला टेकलेलं, आवाज मऊ, नजर मात्र अशी की समोरच्याला आपण ऱ्हस्व असल्यासारखं वाटावं.) इथल्या सर्वेसर्वांना लोक इकडेतिकडे बघून ‘थोरले’ म्हणतात. या थोरल्यांना एका भाषणात ‘मी जनतेसाठी जगतो’ असं म्हणायचं होतं. प्रत्यय चुकला आणि ते ‘मी जनतेवर जगतो’ असं म्हणून गेले. वर्तमानपत्रात तसंच छापून आलं, कारण थोरल्यांचं वाक्य सुधारायची छाती कोणाची? बाईंची. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला ‘शुद्ध करा’ म्हणून दिलं. (खरं तर चांगल्या खऱ्या वाक्याचं त्यांनी खोटं करून घेतलं, याबद्दल सरकारने सत्कारच करायला हवा होता.) दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेतून उचललं. ही गोष्ट वर्षभरापूर्वीची.

आमचे राजदूतसाहेब तुमच्या नव्हे, माझ्या पंथाचे. त्यांनी इथल्या गृहमंत्र्यांना दर गुरुवारी चहाला बोलवायला सुरुवात केली. मंत्री यायचे, केकचे तीन तुकडे खायचे आणि बाईंचा विषय निघाला की ‘विचार करू’ म्हणायचे. सतराव्या गुरुवारी ते ‘खोल विचार करू’ म्हणाले, आणि साहेबांनी त्याच दिवशी मायदेशी कळवलं की बोलणी पुढे सरकत आहेत. मी मान डोलावली. (दुभाषाला मत नसतं. असलं तर ते दोन्ही भाषांतून गाळायचं असतं.)

एवढ्यात तुमच्या यादीचं नवं पान आलं. लिफ्टचे सुटे भाग बंद. का, तर त्यांच्या जोरावर तोफ गच्चीवर चढवता येईल. दाजी, तोफ काही चढली नाही, पण महिनाभरात शहरातल्या लिफ्टा एकेक करून बसल्या. आमच्या समोरच्या प्रसूतिगृहात दिवस भरलेल्या बायकांना खुर्चीत बसवून दोन शिपाई चार मजले वर नेतात. मी खिडकीतून बघतो, आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं हे आठवून पडदा ओढून घेतो.

गृहखात्याचीही लिफ्ट बसली. मंत्र्यांचं कार्यालय नवव्या मजल्यावर, वजन दीडशे किलोच्या घरात, गुडघे दोन्ही गेलेले. ते एकदा कसेबसे चढले आणि पुन्हा उतरले तर पुन्हा चढावं लागेल या भीतीने वरच राहिले. गादी वर गेली, धोबी वर गेला, आणि गुरुवारचा चहा बुडाला. राजदूतसाहेबांच्या हृदयात दोन स्प्रिंगा घातलेल्या, डॉक्टरांनी जिना वर्ज्य केलेला. मग बोलणी करायला कोण? ज्याला मत नाही तो.

नऊ मजले चढून गेलो तर मंत्री सदऱ्याची बटणं उघडी टाकून एक कागद खरडत बसले होते. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. (एकटा पडलेला माणूस वाईट असला तरी एकटाच असतो.) थोरल्यांना अर्ज करायचा होता, कार्यालय तळमजल्यावर हलवू द्यावं म्हणून. पण त्या भाषणापासून थोरले व्याकरणाच्या बाबतीत हळवे झालेले. एका स्वल्पविरामापायी दोन सचिव घरी गेले होते.

“तू तपासून दे,” मंत्री म्हणाले.

“मी परका माणूस. या शहरात चूक न करता हे काम करणारं एकच माणूस आहे.” असं म्हणून मी बाईंचं नाव घेतलं. मला तसा काडीचाही अधिकार नव्हता.

मंत्र्यांनी कपाळावर हात मारला. “अरे, ती तर माझ्याकडेच आहे की!”

तासाभरात दोन पहारेकऱ्यांच्या मधोमध बाई वर आल्या. निम्म्या झाल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, म्हणजे ओळखलं. अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि टेबलावर ठेवला.

“चौदा चुका आहेत.”

“मग लावा की हात,” मंत्री म्हणाले.

“कैद्याने सरकारी कागदाला हात लावायचा नाही, असा तुमचाच नियम आहे. मी कैदी नसले की लावीन.”

मंत्र्यांनी जिन्याच्या दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. मग त्यांनी सुटकेच्या कागदावर सही केली. बाईंनी चौदा चुका सुधारल्या, पंधरावी सापडली तीही सुधारली, आणि माझा हात धरून नऊ मजले उतरल्या. सातव्या मजल्यापासून मी रडत होतो, त्या पायऱ्या मोजत होत्या.

आठवड्यात मंत्री तळमजल्यावर आले. राजदूतसाहेबांनी कळवलं, सतरा बैठकांना फळ आलं. तुमच्या खात्याने जाहीर केलं, बंदीपुढे राजवट नमली. लिफ्ट बंद पडली नसती तर मी वर गेलो नसतो हे खरं. सतरा गुरुवार केक खाऊ घातला नसता तर मला वर कोणी घेतलं नसतं हेही खरं. तरी दोन्ही कागद वाचताना मला लाजच वाटली. असो. ताईला नमस्कार.

नोकरीत आज्ञाधारक, घरात आगाऊ,
तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. : एक बारीकसं काम होतं. बाईंची मुलगी आपल्या देशात असते. तिला झालेलं बाळ बाईंनी अजून बघितलेलं नाही. बाईंचा व्हिसा नाकारला गेला. तुमच्या यादीत ‘राजवटीचे पगारी नोकर’ असा एक वर्ग आहे, आणि सरकारी शाळेच्या पटावर त्यांचं नाव अजून आहे. थोरल्यांनी सोडलं, दाजी, आता तुम्ही सोडा.

ता. क. २ : गृहमंत्री त्याच यादीत बाईंच्या बरेच वर आहेत. पण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना ‘माणुसकीच्या दृष्टीने’ चार दिवसांत व्हिसा मिळाला. सोमवारी निघतात. आभार मानायला स्वतः आले होते.

ता. क. ३ : बाई विचारत होत्या, व्हिसाच्या नव्या अर्जात गुडघे दुखतात असं लिहिलं तर चालेल का. मी म्हटलं, बाई, तुम्ही आणि खोटं लिहिणार? त्या म्हणाल्या, खोटं कुठलं, अकरा महिने ओल्या फरशीवर झोपत होते.